पेज, बोंबील आणि सपाट चमचा

बोईसरला थंडी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, लोखंड सांगतं. सकाळी दुकानाचं शटर उचलताना तळहात दचकतो. बाहेर मांडलेल्या जुन्या पंपांच्या पाठीवर दव धरलेलं असतं. एरवी कारखान्यांचा वास वाऱ्याबरोबर निघून जातो. थंडीत मात्र तो रस्त्यावर खाली बसून राहतो, आगंतुक पाहुण्यासारखा. त्यात शेजारच्या चहाचं आलं मिसळतं, आणि मनोरकडून टोपल्या घेऊन आलेल्या बायांच्या उकडलेल्या करांद्यांचा, म्हणजे रानकंदांचा, मातकट वास मिसळतो. हे तिन्ही वास एकदम नाकात गेले की माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. धावायच्या आधीच.

परवा तसंच झालं. शटर अर्ध्यावर धरून मी उभा राहिलो आणि मागचा हिवाळा सगळाच्या सगळा अंगावर आला. त्याची चव पेजेच्या मिठाची होती, आणि तो मी केवळ रागावर काढला होता. इतका चांगला हिवाळा माझ्या वाट्याला पुन्हा येईल की नाही, ठाऊक नाही.

मी माणदेशातला. बत्तीस वर्षांपूर्वी इथल्या एका डाईंगच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. आज जळालेल्या मोटारी घेतो, त्यांचं वाइंडिंग भरतो आणि विकतो. या धंद्यात तोंड आणि डोकं दोन्ही गरम ठेवावं लागतं. पहिल्यांदा सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही, लग्नाचा शालू धरून. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी वजनावरून बोल लावला, तेव्हा बेटेगावच्या नाक्यावरून रविवारी पहाटे धावणाऱ्या पंधरावीस जणांत मी जाऊन मिसळलो. डॉक्टरांशीही मी घासाघीस केली होती. ते रोज म्हणाले, मी रविवार म्हणालो, शेवटी आठवड्यातून चार दिवसांवर तुटलं.

या मंडळींचा एक रिवाज आहे. जानेवारीतल्या एका शनिवारी बेटेगावहून पालघर, माहीम (मुंबईतलं नव्हे, इथलं) करत केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत धावत जायचं. रात्री तिथल्या वाडीत मुक्काम. रविवारी धावत परत. वीसेक किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, आणि मध्ये एक रात्र. खरी परीक्षा शनिवारी नसतेच. शनिवारी सगळेच वाघ असतात. शनिवारी दुपारपासून रविवारच्या पहाटेपर्यंत तुम्ही त्या पायांना काय खाऊ घालता आणि किती पडू देता, यावर रविवार ठरतो. मागून एक टेम्पो चालतो. त्यात पाणी, केळी, सगळ्यांच्या पिशव्या, आणि ज्याचे पाय संपले तो माणूस.

मागच्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी तो माणूस मी होतो.

आमच्या गटाचा म्होरक्या केतन राऊत, तिशीतला, उंच, अंगाने वेतासारखा. नाक्यावर त्याचं धावायच्या बुटांचं आणि ताकदीच्या पावडरींच्या डब्यांचं दुकान आहे. त्या वर्षी त्याच्याकडून मी एक डबा घेतला होता. तासभर भांडून घेतला. वर हलवायची बाटली फुकट मिळवली, नमुन्याच्या चार पुड्या फुकट मिळवल्या आणि जाता जाता पायमोज्यांचा जोडही उचलला. आणि रविवारी केळव्याची वेस ओलांडतो न ओलांडतो तोच पोटात कळ आली. माहीमपर्यंत मी तीन वेळा कुंपणाआड गेलो. चौथ्या वेळी टेम्पो येऊन शेजारी थांबला, आणि केतन सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "शेडगे काकांना जागा करा रे, पिशव्या सरकवा!"

पिशव्या सरकवा. बत्तीस वर्षांत मला कुणी चोर म्हटलंय, कंजूष म्हटलंय, एकाने तर कोर्टात खेचायची धमकी दिली. त्यातलं काहीच लक्षात नाही. हे दोन शब्द मात्र वर्षभर पायात काट्यासारखे राहिले. मी गावभर सांगितलं, त्या पोराच्या पावडरीनं माझं पोट बिघडवलं. केतन यावर काही बोलला नाही. गुन्हा कबूल असल्याशिवाय माणूस गप्प बसतो का, असा माझा हिशोब.

मग मागच्या वर्षी दिवाळी उलटल्यावर नाक्यावर बैठक झाली. केतन मायेने म्हणाला, "काका, यंदा तुम्ही शनिवारी धावा. रविवारी टेम्पोत बसून केळी वाटा. तुमच्या अनुभवाचा उपयोग होईल."

"कसला अनुभव? टेम्पोत बसायचा?"

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "दोन्ही दिवस धावेन. तुझ्या डब्यातलं कणभर न घेता, घरचं खाऊन. धावलो, तर पुढच्या वर्षी टेम्पोत खायला काय चढवायचं ते मी ठरवणार. नाही धावलो, तर दरवर्षी केळी वाटीन."

"दरवर्षी कशाला काका? पाच वर्षं पुरे."

"सात!" मी ओरडलो.

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःच्या विरुद्ध भाव चढवून आलो होतो.

घरी दुसरा सौदा वाट पाहत होता. सुनंदा, माझी बायको, सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अहो, घरचं खाऊन म्हणजे ते करणार कोण? पैज लावण्याआधी मला विचारलंत?"

"रोज करतेसच की."

"रोज करते, आणि रोज तुम्ही दुकानात डबा गार करून चारला खाता. आता धावून आल्या आल्या पानावर बसायचं. आणि मासे साफ तुम्ही करायचे."

मासे साफ करण्यावर मी बरंच झगडलो. ती एक इंच हटली नाही. माझ्या घरात धंद्याची खरी अक्कल कुणाकडे आहे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तर ते रविवार. अजून डोळ्यांपुढे आहेत. अंधार विरघळताना रस्त्याकडेच्या शेकोट्या, उमरोळीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची खुंटं, त्यावर धुक्याची चादर, आणि आमच्या पावलांचा एकाच तालातला आवाज. कंपनीच्या बसमधून पहिल्या पाळीला चाललेले लोक खिडकीतून बघायचे. त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं असायचं की या लोकांच्या मागे कुत्रं तरी आहे का. घामाने बनियन अंगाला चिकटायचं आणि नंतर थांबलं की गार पडून हुडहुडी भरायची. त्या हुडहुडीतसुद्धा एक मजा होती. पंप टेस्टला लावल्यावर पहिली धार यावी आणि अंगावर उडावी, तशी.

पहिल्या रविवारी मात्र मी घोटाळा केला. धावून तसाच दुकानात गेलो, कारण एक गिऱ्हाईक येणार होतं. दोन चहा आणि एक भांडण, एवढ्यावर दुपारचे दोन वाजवले. मंगळवारी जिना उतरताना मी उलटा, पाठमोरा उतरत होतो. कारागीर तोंड दाबून हसत होते. मोटारीचं मी जन्मभर गिऱ्हाईकांना सांगत आलो, "तापलेली मोटार लगेच पुन्हा चालू करू नका, तिला निवू द्या, तेलपाणी बघा." स्वतःच्या पायांना ते कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारपासून सुनंदाचं राज्य सुरू झालं. दारात बूट काढले की समोर गूळ-शेंगदाणे आणि ताक. आंघोळ होते तोवर भाकरी तव्यावर फुगलेली. कधी नाचणीची, कधी आमच्याकडची बाजरीची. त्यावर लोणी, सोबत मुगाची उसळ नाहीतर दोन अंडी. कधी दहीभात, वर मिरचीची फोडणी. केळव्याच्या वाड्यांतली राजेळी केळी आतून पिवळीजर्द होईपर्यंत ती डब्यात झाकून ठेवायची. घामाने खारटलेल्या ओठांना त्या केळ्याचा गोडवा लागला की बोलणंच बंद व्हायचं. माझं बोलणं बंद होणं ही आमच्या घरात सणासुदीची गोष्ट आहे.

माझ्याबरोबर धावणारे पांडेजी लूमवर ऑपरेटर, एका खोलीत सहा जण राहतात. ते धावून आले की कमरेच्या पिशवीतून पुडी काढायचे, सातूचं पीठ बाटलीत टाकायचे, मीठ-लिंबू पिळून खळाखळा हलवायचे. एकदा मी पावडरवाल्यांना शिव्या देत देत त्यांच्याच बाटलीतलं अर्धं संपवलं. पांडेजी शांतपणे म्हणाले, "शेठ, यह भी तो पाउडर ही है।" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. सातूची चव छान होती, त्यामुळे वाद घालायला तोंड मोकळंच नव्हतं.

आणि बाजारात जमनाबाई. सातपाटीहून रोज बोईसरच्या बाजारात मासळी आणणारी. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात कोयता. मांदेली ती वाट्यावर विकते. सोनेरी चिमुकले मासे, एकेक वाटा ढिगाने मांडलेला. वाट्याचा भाव ठरला की वर एक मूठ मागायची, ही इथली रीत. दुसऱ्यांना एक मूठ मिळते. मी दोन घेतल्याशिवाय हलत नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिला विचारलं, "जमनाबाई, पहाटेपासून उभ्या असता, टोपल्या वाहता. पाय दुखत नाहीत?"

"दुखतात ना शेठ. लाकडाचे हाय काय?"

"मग काय खाता त्यावर?"

"काय खानार? घरी गेली का पेज, मीठ टाकून. सोबत भाजलेला बोंबील. मग पाय भिंतीला वर लावून जरा पडते. तुमाला काय वाटलं, आमी बदाम खातो?"

आजूबाजूच्या चारही कोळणी हसल्या. मी मांदेलीचा वाटा घेतला, एक मूठ वर घातली तिने, मी दुसरीसाठी पिशवी उघडीच धरली. जमनाबाईने कोयता खाली ठेवला.

"शेठ, तुमचं मन वाट्यात नाय, वरच्या मुठीत हाय. एक दिवस हे वरचंच खाऊन पोट बिघडंल, नी नाव माझ्या मासलीचं सांगाल!"

मीही हसलो. दुसरी मूठ घेतली. स्कूटरपाशी आलो, किल्ली लावली, आणि फिरवायची राहून गेली.

कारण तो डबा आठवला. केतनने दहादा बजावलं होतं, "काका, एक चमचा, सपाट, ग्लासभर पाण्यात." आणि मी? मी शीग लावून दोन चमचे घ्यायचो. एवढं भांडून आणलेलं, तर वसूल व्हायला नको? महिन्याचा डबा पंधरा दिवसांत संपवला आणि दुसरा आणला. त्या शनिवारी केळव्याला तर तीन चमचे शिगोशीग, अर्ध्या ग्लासात, वर फुकटच्या दोन पुड्या. दुप्पट घातलं की दुप्पट ताकद, असं सरळ गणित. रविवारी सकाळी पोटाने त्याचंच उत्तर दिलं होतं. धंद्यात अशी गिऱ्हाईकं रोज बघतो. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीवर साडेसातचा लोड टाकतात, मोटार जळते, आणि मग येऊन ओरडतात, "शेडगे, तुमचं वाइंडिंग कच्चं!" लोडचं अवाक्षर काढत नाहीत. मी त्यांना दुकानातून हाकलतो.

बाजाराच्या तोंडाशी स्कूटरवर बसून मी स्वतःला हाकलू शकलो नाही. सांगायला हवं होतं केतनला, त्याच दिवशी. नाही सांगितलं. खरं कारण हे की रागावरच तर माझे पाय चालत होते. तो काढून दिला असता तर पहाटे साडेचारला मला उठवलं कोणी असतं?

पण मासळीची पिशवी घरी नेल्यावर मी सुनंदाला म्हणालो, "पेज करता येते तुला?" ती म्हणाली, "अहो, सत्तावीस वर्षं झाली इथे येऊन. मला सगळं येतं. तुम्हालाच हवं नव्हतं."

मग तो शनिवार. माहीमच्या पुढे रस्ता वाड्यांत शिरला की ऊन गळूनच जातं. पोफळींच्या उंच सडपातळ रांगा, पाटाचं पाणी, ओल्या मातीचा गारवा, आणि मग अचानक सुरूच्या झाडांमागून समुद्राचा आवाज. मी बुटांसकट पाण्यात शिरलो. जानेवारीचं गार खारं पाणी पोटऱ्यांना लागलं आणि तोंडून असा आवाज निघाला की मुंबईहून आलेलं एक कुटुंब फोटो काढायचं थांबलं.

सुनंदा टेम्पोबरोबर आधीच पोचली होती. वाडीत तीन दगडांवर मोठं पातेलं. गावठी तांदळाची पेज, गरम, पातळ, मीठ नि तुपाचा थेंब. निखाऱ्यावर सुके बोंबील चरचरत होते. तो वास ज्याला सहन होत नाही त्याने वाऱ्याची दिशा बदलून घ्यावी. करांदे होते, केळी होती. मी तीन वाट्या पेज प्यालो. चौथीला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग सुरूच्या बुंध्याला पाय वर टेकवून उताणा पडलो, जमनाबाईच्या पद्धतीने, आणि पानांतून येणारं ऊन बघता बघता झोपलो.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. केतन दिवसभर सगळ्यांच्या खोल्या, पाणी, पट्ट्या बघत फिरत होता. त्याने सकाळी आल्यावर चमचाभर पावडर घेतली होती, त्यानंतर काही खाल्लं नव्हतं. आता चेहरा उतरला होता. पातेल्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "काकू, पेज उरलीय का हो?"

बदला घ्यायची याहून चांगली संधी मला कुणी दिली नसती. वर्षभर घोटलेली वाक्यं जिभेवर होती. पण तो वाटीला दोन्ही हात लावून पेज पिऊ लागला, बोंबलाचा तुकडा मोडून घेतला आणि त्याने डोळे मिटले. मला वाटलं, आता बोललो नाही तर मी त्या लोड लपवणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एक.

"केतन, त्या वर्षी पावडर तुझी चांगली होती. मी शीग लावून तीन तीन चमचे घेतले. वर पुड्या."

तो शांतपणे वाटी निपटत म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"महिन्याचा डबा पंधरा दिवसांत संपवून दुसरा घ्यायला आलात, तेव्हाच कळलं."

"मग वर्षभर मी बोंबलत होतो, तेव्हा सांगितलं का नाहीस सगळ्यांना?"

"तुमच्याशी घासाघीस कोण करणार, काका?"

सुनंदा इतकी हसली की पळी पातेल्यात पडली. मी चिडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. वर्षभर जपलेला राग असा एका वाटी पेजेत विरघळला आणि माझ्याकडे काही शिल्लकच राहिलं नाही. रविवारी उठायला फक्त पाय उरले.

पाय उठले. दुखत होते, पण कुरकुर करणाऱ्या जुन्या कारागिरासारखे. बोलतात, काम सोडत नाहीत. पालघरपर्यंत मी सगळ्यांबरोबर होतो. उमरोळीला मागे पडलो. ऊन चढलं, पायांत शिसं भरलं. एक किलोमीटर, मग एक खांब, मग पुढचा खांब. आणि शेजारी तो आवाज. टेम्पो. माझ्या वेगाने सरकत होता. मागे पडलेल्याला बघायला टेम्पोत चढलेला केतन बाहेर डोकं काढून ओरडला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा,

"काका, पिशव्या सरकवू?"

"सरकव! तुलाच बसायला लागणार आहे!"

तो खो खो हसत चालत्या टेम्पोतून उतरला आणि माझ्या शेजारी धावू लागला. पिशव्या जागच्या जागी राहिल्या. बेटेगावच्या नाक्यावर आम्ही सर्वांत शेवटी पोचलो, आणि टाळ्या अशा वाजल्या की नाक्यावरचा चहावाला हातातली किटली ठेवून बघायला आला.

मग टेम्पोत काय चढेल, ते ठरवायचा हक्क माझा. सगळ्यांना वाटलं, मी पावडर रस्त्यावर ओतणार. मी सांगितलं, पेजेचं पातेलं, बोंबील, करांदे, राजेळी, पांडेजींचं सातू. आणि केतनचा एक डबा. कारण आमच्यातली स्मिता नर्स आहे, रविवारी धावून थेट ड्युटीवर जाते. तिला तिथे पेज कोण शिजवून देणार? पातेल्याला घर लागतं, वेळ लागतो, सुनंदा लागते. ज्याला हे लाभलंय त्याने डबा कशाला घ्यावा, आणि ज्याला लाभलेलं नाही त्याला नावं कशाला ठेवावीत? फक्त एक अट घातली. डब्याला चमचा मी स्वतः वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेने बांधला. कड सपाट घासून दिली, डब्याच्या काठावर फिरवली की वरचं सगळं खाली. शीग लागतच नाही त्यावर.

हे सगळं परवा अर्ध्या शटरखाली उभं राहून आठवलं. मग शटर पुरतं वर केलं, कारागिरांना कामाला लावलं आणि बाजारात गेलो. येत्या शनिवारी सरावाची लांब धाव आहे, आणि टेम्पोतला शिधा आता माझ्याकडे. जमनाबाई होतीच. सुक्या बोंबलांची जुडी घेतली, मांदेलीचे चार वाटे घेतले. भावावर भांडलो, यथेच्छ. भाव तुटल्यावर पिशवी बंद केली आणि निघालो.

"शेठ!" मागून हाक आली. "वरचं नाय मागितलं?"

"नको. वाट्यात भागतं."

जमनाबाई माझ्याकडे बघतच राहिली. शेजारणीला कोपराने ढोसलं. मग टोपलीत हात घालून दोन भल्या मोठ्या मुठी उचलल्या आणि माझी बंद पिशवी ओढून तिच्यात कोंबल्या.

"घ्या गप. बरं नसंल तुमाला. घरी जाऊन पेज प्या."